ब्रेक पेडल मऊ, बाइट कमी? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

बेळगावात पोलो जीटी, व्हर्टस जीटी नाहीतर जुनी ऑक्टेव्हिया आरएस बाळगणारे आधी इंजिनाच्या मागे लागतात. रिमॅप होतं (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवली जाते), गाडी पळायला लागते, आणि गोव्याकडे जाताना चोर्ला घाटाच्या उतारावर कळतं की थांबवायचं राहूनच गेलंय. मग खरेदी सुरू होते. आधी महागडे पॅड (डिस्कवर घासून तिला धरणारे), मग स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या), मग भोकांच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या). एवढं होऊनही पेडल होतं तसंच असतं, कारण मूळ तपासणी कुणी केलेलीच नसते.

‘ब्रेक लागत नाहीत’ असं म्हणणाऱ्याच्या दोन वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात. पेडल खोल जातं, मऊ लागतं, ही एक. तिचं कारण ऑइलमध्ये शिरलेली हवा, होज, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना, मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा) किंवा मागचे ड्रम. पेडल घट्ट आहे पण पाय टेकताच गाडी धरत नाही, म्हणजे बाइट कमी, ही दुसरी. ती पॅड आणि डिस्कच्या पृष्ठभागाची, कधी बूस्टरची (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याची). पहिल्या तक्रारीवर पॅड बदलणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. पॅड चांगले असतात, पैसे फुकट जातात.

आधी पायाने तपासा

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. अजिबात हललं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यातला वन-वे व्हॉल्व्ह आणि गाडीला असेल तर व्हॅक्यूम पंप बघायला सांगा.

आता इंजिन चालू ठेवून मध्यम दाबाने पाय अर्धा मिनिट स्थिर धरा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधली सीलं गेली असं समजा. दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येत असेल तर आत हवा आहे, नाहीतर मागचे ड्रम सैल आहेत. वळणांचा रस्ता संपल्यावर पहिला ब्रेक खोल आणि दुसरा बरोबर लागत असेल तर व्हील बेअरिंगचा खेळ किंवा डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना तिचं डोलणं, तपासा. हललेली डिस्क पिस्टनला मागे ढकलते, म्हणून पहिला दाब ते अंतर भरण्यातच जातो.

मागे कुणी बघतच नाही

भारतातल्या पोलो जीटीला मागे ड्रम आहेत, व्हर्टस जीटीलाही ड्रमच. मालक मात्र पुढच्या कॅलिपरला लाल रंग देऊन मोकळे. शू (ड्रमला आतून दाबून धरणारे) आणि ड्रममधलं अंतर वाढलं की पेडलचा सुरुवातीचा प्रवास ते अंतर मिटवण्यातच संपतो, आणि पायाला वाटतं पुढचे ब्रेक मऊ आहेत. हे अंतर आपोआप भरून काढणारा ऑटो ॲडजस्टर असतो हे खरं, पण खानापूर-जांबोटीकडच्या लाल चिखलात दोन पावसाळे काढले की तो गंजून जागीच बसतो.

तपासणी सोपी आहे. उभ्या गाडीत हँडब्रेकची दोन-तीन खाच ओढा आणि पेडल दाबा. पेडल लगेच वर आणि घट्ट आलं तर दुखणं मागे आहे. इथे मेस्त्री हमखास एक चूक करतात, हँडब्रेकची केबल ताणून देतात. “आता बघा की, झालं!” हँडब्रेक मस्त लागतो, पण ताणलेल्या केबलने शूचा लिव्हर कायम ओढलेला राहतो आणि ॲडजस्टर कामच करत नाही. आधी ड्रम उघडून साफ करायचा, ॲडजस्टर मोकळा करायचा, शूचं अंतर बसवायचं. केबलला हात सगळ्यात शेवटी.

एक पॅड ८ मिलिमीटर, दुसरा ३

पुढचं चाक काढलं की आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी बघा. बाहेरचा ८ मिलिमीटर आणि आतला ३ राहिला असेल तर पॅडची कंपनी विचारायची गरज नाही. फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की कॅलिपर सरकण्याऐवजी वाकतो. ते वाकणं पायाला मऊ लागतं आणि बाहेरचा पॅड आळशासारखा नुसता टेकून राहतो. म्हणजे एका पिनेपायी पेडलही गेलं आणि बाइटही.

अशी पिन ओढून बाहेर काढली की बहुतेक वेळा तपकिरी, कोरडी, टोकाला गंजाचा कडा चढलेली निघते आणि तिचं रबरी बूट एका बाजूने फाटलेलं असतं. ती घासून चकचकीत करून त्यावर चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस थापणं ही पुढची चूक. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि काही आठवड्यांत पिन पुन्हा जाम. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा, तेही पातळ. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बुश असेल तर ती कोणत्या भोकातून निघाली ते काढतानाच लक्षात ठेवा.

हवा काढताना

गाडीखालचा मेस्त्री “दाबा” म्हणतो, आत बसलेला दाबतो. कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल उघडला की पेडल खाली जातं. तो बंद व्हायच्या आत पाय उचलला गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया. “मामा, सोडू नका अजून!” ही हाक मारायची वेळ येतेच. त्यामुळे आत जो बसेल त्याला आधी नीट समजावून सांगा.

जुन्या गाडीत पेडल फळीपर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात येत नाही तिथे गंज असतो, सील त्यावरून घासून कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की पुरे. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल तर नुसत्या पंपिंगने ती निघत नाही, स्कॅनर लावून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. आणि कॅलिपर काढून पुन्हा बसवले असतील तर निपल वर आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि हवा वरच अडकून राहते. मग कितीही लिटर ऑइल ओता.

ब्रेक ऑइलचं नाव निघालंच आहे तर एक गैरसमज काढतो. सकाळी थंड गाडीत पेडल मऊ असेल तर दोष जुन्या ऑइलचा क्वचितच असतो, तो बहुधा हवेचा. जुनं ऑइल गरम झाल्यावर घात करतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांत बदललेलं बरं. उघडून ठेवलेल्या बाटलीतलं वापरू नका. डॉट ५ ही सिलिकॉनची वेगळीच जात आहे, नाव जवळचं वाटलं तरी ती यात मिसळायची नाही.

घाटात ब्रेक गेले तर त्या क्षणी पेडल कसं होतं ते आठवा. फळीपर्यंत गेलं असेल तर ऑइल उकळलं. कडक होतं आणि तरी गाडी थांबेना, जळका वास आला, तर पॅड तापून फेड झाले, म्हणजे त्यांची पकड गेली. हे आठवून ठेवायचं कारण असं की थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं, पेडल बरंचसं जागेवर येतं, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात मेस्त्री म्हणतो, “कुठे काय आहे? झकास लागतंय की.” चोर्ल्याला किंवा आंबोलीला उतरताना ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये सोडून पाय ब्रेकवर ठेवू नका. मॅन्युअल मोडला घेऊन खालचा गिअर टाका.

आता बाइट

पेडल घट्ट असल्याची खात्री झाली की मगच पॅड. काही पॅडच्या कडेला ईई, एफएफ, जीजी अशी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर सामान्य तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणगुणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. अक्षरांवरून पायाला कसं लागेल ते सगळं कळत नाही, पण दुकानदाराच्या गप्पांपेक्षा बरं. ट्रॅकचा पॅड मात्र घेऊ नका. तो तापल्याशिवाय धरत नाही, आणि टिळकवाडीत सकाळी शाळेसमोर अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा तो थंडच असतो. पुढे एक आणि मागे त्याहून जास्त पकडणारा पॅड, हे तर मुळीच नको. मागची चाकं आधी लॉक व्हायला बघतात.

नवे पॅड बसवून तसेच वापरले तर पूर्ण बाइट येत नाही. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. ८० च्या वेगावरून २० पर्यंत मध्यम-जोरात उतरवायचं, थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न वापरता गाडी थंड होऊ द्यायची. पॅड बनवणाऱ्याने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. हे मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना करायचं. ऊसतोडीच्या हंगामात संकेश्वर-हुक्केरीकडे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, तिथे हा उद्योग नको.

महामार्गावर वेगात येऊन कोगनोळी किंवा हत्तरगीच्या टोलला तापलेले ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेकदा डिस्क वाकलेली नसते; एकतर थर असमान असतो, नाहीतर हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावरच्या गंजावर डिस्क तिरकी बसलेली असते. डिस्क लेथवर नेण्याआधी हब ब्रशने लखलखीत करा आणि रनआउट मोजायला डायल गेज लावा. बेळगावात गेज नाही असं कुणी सांगू नये, उद्यमबागेत ते दर दुसऱ्या शेडमध्ये सापडतं. रनआउट ०.१ मिलिमीटरच्या वर गेला तर काळजी करा. चाकाचे बोल्ट इम्पॅक्ट गनने कचाकच आवळणंही याच कारणासाठी वाईट. पोलोला १२० न्यूटन-मीटर लागतात, टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने.

जाळीचे होज पेडल थोडं घट्ट करतात, आणि जुने होज फुगले असतील तर घ्यावेतच. स्टिअरिंग पूर्ण वळवून ते कुठे घासत नाहीत ना ते बघा, तांब्याचे वॉशर नवे टाका. मोठ्या पिस्टनचे कॅलिपर मूळ मास्टर सिलिंडरवर लावले तर पेडल उलट लांब होतं, कारण जास्त ऑइल ढकलावं लागतं. भोकांच्या डिस्कला तडे जातात, मी त्या घेणार नाही.

राहिला बूस्टरच्या पुशरॉडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याचा प्रश्न. पेडलचा मोकळा खेळ कमी करायला काही जण तो लांब करून देतात. दोन दिवस पेडल फार छान लागतं. पण मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायची वाट बंद राहते आणि ब्रेक धरून बसतात, तापले की आणखी जोरात. कुणी तुमच्या गाडीत हा रॉड हलवला असेल तर दहा किलोमीटर ब्रेक फार न वापरता चालवा, उतरा आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा, रिमला हात लावू नका. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं असेल किंवा चारही तापलेली असतील, तर गाडी तशीच पुढे न नेता रॉड मूळ मापावर आणून घ्या.