दोन बोटं माया

सेलमध्ये एखादा ड्रेस मनात भरला की मी तो आधी उलटा करते. रंग, गळा, भरतकाम हे सगळं नंतर. आधी आतली शिलाई बघायची आणि तिच्यापलीकडे किती कापड सोडलंय ते बोटाने मोजायचं. या सोडलेल्या कापडाला आमच्या घरात माया म्हणतात. आई आम्हा बहिणींचे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवायची, खाली दोन टक घालून, आणि दर जूनमध्ये एक टक उसवायची. दुकानात गेल्यावरही तिचा पहिला प्रश्न तोच असायचा, "दोन बोटं माया आहे ना? मग घे."

माझा जांभळाच्या सालीच्या रंगाचा ड्रेस मी असाच घेतला. जुलैत मुंबईला एक काम होतं. ते उरकून नाशिकला परतायच्या संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसला वेळ होता, म्हणून काळा घोड्याच्या गल्ल्यांत फिरत होते. एका डिझायनरच्या दुकानात हंगाम संपल्याचा सेल लागला होता. रेशमी क्रेप, पायघोळ, बिनबाह्यांचा. पाठीला खोल व्ही, व्हीच्या टोकापासून कमरेपर्यंत त्याच कापडाने मढवलेली 14 बारकी बटणं, आणि खाली घेराच्या काठावर त्याच रंगाच्या दोऱ्याने गाठीच्या टाक्यांची भरलेली वेल. मूळ किंमत 18,500, सेलमध्ये 7,400. बदलून मिळणार नाही आणि एकच नग शिल्लक, तोही माझ्यापेक्षा दोन मापं मोठा. मी उलटा केला. बाजूच्या शिलाईला आत जवळजवळ इंचभर माया होती, अस्तर मलमलचं होतं, चेन डाव्या बाजूला होती. घेतला.

मोठ्या मापाचा घेतला तरी चालतो, लहान मापाचा मोहाने घेऊ नका. माया असली तरी सैल करताना जुनी शिलाई उसवावी लागते आणि रेशमावर सुईची भोकं ओळीने दिसत राहतात. शिवाय आत दडलेल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद राहिलेला असतो, तो पट्टा उठून दिसतो. मोठ्याचा लहान करताना या दोन्ही खुणा आत जातात. पण त्यालाही मर्यादा आहे. दोन मापांपेक्षा जास्त फरक असेल तर गळा, खांदा, मुंढा म्हणजे हात घालायची जागा, छातीचा टक म्हणजे उंचवट्यासाठी घातलेली चुणी, सगळंच जागचं हललेलं असतं आणि तो ड्रेस जवळपास नव्याने शिवावा लागतो.

घरी आणल्यावर लगेच शिंप्याकडे धावायचं नाही. ड्रेस आरशाच्या बाजूला टांगायचा आणि स्वतःला विचारायचं, मला यात नेमकं काय आवडलं? एकच उत्तर शोधायचं, फार तर दोन. मला पाठीची बटणं आवडली होती आणि खालची वेल. मग ठरलं, या दोन ठिकाणी कात्री आणि सुई जाणार नाही, बाकी हवं तिथे जाऊ दे. हे आधी ठरवलं नाही तर ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले तीच दुरुस्तीत जाते. माझी एक निळी चंदेरी कुर्ती अशीच गेली. शिंप्याने तिच्या बाजू आत घेतल्या आणि उरलेली माया न विचारता कापून काठ ओव्हरलॉक करून दिला. दोन वर्षांनी अंग भरलं तेव्हा तिच्यात सोडवायला काही उरलं नव्हतं. ती अजून कपाटात आहे आणि ती दिसली की मला वाईट वाटतं.

मापं अंगाची घेतो तशी ड्रेसचीही घ्या. पलंगावर सपाट पसरायचा, न ताणता काखेपासून काखेपर्यंत टेप लावायची आणि दुप्पट करायची. माझा छातीत 41 भरला. माझी छाती 36, श्वास घ्यायला आणि हात हलवायला 2 इंच सैल, म्हणजे 38 हवा. 3 इंच काढायचे. बाजूच्या शिलाया दोन, प्रत्येकीतून दीड इंच, आणि शिलाईत कापडाचे पुढचा-मागचा असे दोन थर असतात म्हणून प्रत्येक थरातून पाऊण इंच. कंबर 33 होती, 30 हवी होती, तिथेही तोच हिशेब. खडूची खूण कुठे करायची ते या पाऊण इंचावरून ठरतं. तीन इंच काढायचे म्हणून तीन इंचांवर खूण करणारे मी पाहिले आहेत.

त्याआधी चप्पल ठरवा. लांबी चपलेवर ठरते, उलट नाही. मला हा ड्रेस डिसेंबरात भाचीच्या साखरपुड्याला घालायचा होता आणि समारंभ लॉनवर होता. आपल्याकडे आता बरीच लग्नं लॉनवरच असतात. तिथे पेन्सिल हील मातीत रुतते, म्हणून रुंद टाचेची दीड इंचाची सँडल घेतली आणि ती घालूनच मापाला उभी राहिले. मैत्रिणीने जमिनीपासून पट्टी उभी धरून चारही बाजूंनी मोजलं. माझी उंची 5 फूट 1 इंच. ड्रेस साडेतीन इंच जमिनीवर लोळत होता आणि मला तो अर्धा इंच वर हवा होता. म्हणजे 4 इंच कमी करायचे.

आता नाशिकच्या भद्रकालीतले आमचे शिंपी मास्तर. त्यांनी ड्रेस हातात घेतला, घेराचा काठ बघितला आणि म्हणाले, "मॅडम, खालून चार इंच कापतो, तासाभरात नेऊन टाका."

"मास्तर, खाली वेल आहे."

त्यांनी चष्मा लावला, वेलीवरून अंगठा फिरवला. "मग वरून घ्यावं लागेल. दोन दिवसांचं काम आहे हे."

खालच्या काठावर भरतकाम, लेस किंवा जरीचं काम असेल तर लांबी वरूनच घ्यायची, मग कितीही वेळ लागो. कमी करायच्या 4 इंचांपैकी अर्धा इंच आम्ही खांद्यावर घेतला. खांद्याची शिलाई अर्धा इंच वर उचलली की पुढचा गळा उघडा पडत नाही, मुंढा काखेत नीट बसतो आणि छातीचा टकही वर सरकतो. उंच बाईसाठी बेतलेल्या ड्रेसमध्ये बुटक्या बाईचा टक नेहमी खाली पडतो, तो असा जागेवर येतो. टकाचं टोक छातीच्या उंचवट्याच्या इंचभर अलीकडे संपलं पाहिजे, उंचवट्यावर संपलं तर तिथे कापड टोचल्यासारखं उभं राहतं. पाठीचा व्हीही अर्धा इंच वर आला, पण बटणांना धक्का लागला नाही.

उरलेले साडेतीन इंच कमरेवर. खरं काम इथे आहे. मी नाशिकरोडला शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे मला हे शंकूच्या आकृतीने समजतं. घेर म्हणजे टोक कापलेला शंकू, वर अरुंद आणि खाली रुंद. त्याचं वरचं तोंड साडेतीन इंच खाली कापलं की नवीन तोंड जुन्यापेक्षा रुंद येणार. आमच्या घेरात ते साडेचार इंचांनी रुंद आलं. त्यात कमरेतून काढायचे 3 इंच मिळवले की साडेसात इंच कापड जास्त. हे सगळं दोन बाजूंच्या शिलायांत कोंबलं तर कमरेखाली दोन्हीकडे फुगे येतात. पण घेर सहा कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा सहा पट्ट्या जोडून केलेला होता. सहा शिलाया, प्रत्येकीतून सव्वा इंच, आणि शिंपी ज्याला सीट म्हणतात तिथपर्यंत, म्हणजे कमरेखाली 8 इंचांवर, शून्यावर उतरवत न्यायचं. मी वहीचं पान पुढे करून आकृती काढून दाखवली. मास्तरांनी त्यावरून खडूची रेघ मारली आणि माझ्या रेघेला किंचित बाक दिला, कारण सरळ उतरवली तर शेवटी टोक पडतं. ते त्यांचं बरोबर होतं.

कळ्या उरेप, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या कापलेल्या होत्या. उरेप कापड ताणलं जातं, लोंबतं, अंगावर वाहतं, आणि त्यामुळेच तो घेर इतका सुंदर पडतो. पण त्याच्यावर साधी घट्ट टिप मारली तर बसता-उठता दोरा तटकन तुटतो. मास्तरांना दोनपैकी एक गोष्ट सांगा: शिलाई मारताना कापड किंचित ताणून धरा, किंवा अगदी बारीक झिगझॅग घाला. मशीनला 9 किंवा 11 नंबरची नवी सुई लावायला सांगा, बोथट सुईने रेशमाचे धागे ओढले जातात. अस्तर, जुळता दोरा, नवी कन्सील चेन मी स्वतः मेन रोडवरून घेऊन गेले, ड्रेसचा कोपरा उन्हात धरून रंग जुळवला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जांभळा आणि वांगी रंग सारखेच दिसतात. अस्तर कमरेतून कापायची गरज नसते, त्याच्या शिलाया आत घ्यायच्या आणि लांबी खालून कापायची, बाहेरच्या कापडापेक्षा इंचभर कमी.

पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा धावदोरा घालून ड्रेस अंगावर चढवायचा, हे मी कुठल्याही परिस्थितीत सोडत नाही. मास्तर म्हणतील "होऊन जाईल", तरीही. धावदोरा घातलेल्या ड्रेसमध्ये खुर्चीवर बसा, दोन्ही हात वर करा, वाकून पायातला पट्टा लावा. उभं राहून सगळेच ड्रेस बसतात. माझ्या वेळी बसल्यावर उजवीकडे मागे आडवी सुरकुती पडली. तिथली एक कळी पाव इंच सैल केली आणि ती गेली. टाचण्या बारीक वापरा आणि शिलाईच्या आतल्या बाजूलाच लावा, क्रेपवर टाचणीचं भोक राहतं.

बाजूंची माया आम्ही कापली नाही. काठ हाताने गुंतवून आत दाबून ठेवला. कमरेवर मात्र कापावंच लागलं. साडेतीन इंचांचा पट्टा आत दुमडला असता तर जाड झाला असता आणि त्याचं अरुंद तोंड घेराला खेचत राहिलं असतं. इंचभर माया ठेवून बाकी पट्टा कापला, आणि तो मी मागून घेतला. कापलेला तुकडा शिंप्याकडे कधी ठेवून येऊ नका.

इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये मलमल ठेवून, कमी गरम आणि कोरडी. क्रेपच्या धाग्याला खूप पीळ असतो, पाणी लागलं की तो आकसतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा मारू द्यायचा नाही. इस्त्रीवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही, मी घरीच करते.

पाठ उघडी, म्हणून आतल्या कपड्याचा प्रश्न येतो. अस्तरात कप चार-चार टाक्यांनी शिवून घेतले.  हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि दिवसभर ड्रेस ओढत बसावं लागत नाही. मास्तरांनी सगळ्याचे मिळून 1,800 रुपये घेतले. 7,400 आणि 1,800, म्हणजे 9,200. मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी, आणि माझ्या अंगाचा.

घालताना पुन्हा तोच प्रश्न, मला यात काय आवडलं? पाठ. मग केस मोकळे सोडायचे नाहीत, अंबाडा खाली मानेवर न घालता वर घालायचा, गजरा लावायचाच असेल तर अंबाड्याभोवती आखूड. गळ्यात काही नाही. साखरपुड्याला बायका ठुशी, तन्मणी घालून येतात आणि त्या साडीवर शोभतातच, पण या ड्रेसवर सोनं जड वाटलं. मी सराफ बाजारातून चांदीची जुन्या घडणीची कर्णफुलं घेतली आणि हातात एकच जाड चांदीचं कडं. जांभळ्यावर चांदी फार छान दिसते.

डिसेंबरातली नाशिकची रात्र, तीही लॉनवर, उघड्या पाठीने काढता येत नाही. मी मलईच्या रंगाची साधी लोकरी शाल घेतली होती, बिनकाठाची. अंगठ्या घालताना आणि फोटोच्या वेळी काढली, जेवताना पांघरली. आईच्या जुन्या येवल्याच्या पैठणीचं जॅकेट शिव, असं बहीण म्हणत होती. पैठणी घडीवर विरलेली आहे, पदर मात्र धडधाकट आहे. पण तिच्या मोरांपुढे बटणं कोणाला दिसली असती? तो पदर पुढे एखाद्या साध्या, एकरंगी कुर्त्यावर येईल.

एकदाच घालून ठेवून देण्याइतका हा ड्रेस परका नाही. एका रविवारी मी त्यावर पांढरा सुती शर्ट घातला, बटणं न लावता, पुढे कमरेवर गाठ मारून, पायात कोल्हापुरी. शर्टाच्या पांढऱ्यामुळे रेशमाची चमक खाली बसते आणि तो दिवसाउजेडी चालतो. पट्टा मात्र लावू नका, कमरेची नवी शिलाई त्याखाली घासली जाते.

वापरून झाला की रात्रभर वाऱ्यावर, सावलीत. नंतर टांगून ठेवायचा नाही, उरेप घेर स्वतःच्या वजनाने लांबत जातो आणि काठ वरखाली होतो. मी तो जुन्या सुती साडीच्या तुकड्यात सैल घडी करून आडवा ठेवते, दर दोन महिन्यांनी घडी बदलते. डांबरगोळी कापडाला लागू देत नाही. अत्तर लावायचं तर ड्रेस घालायच्या आधी, अंगावर.

साखरपुड्यात गर्दीत कुणाच्या तरी बांगडीत अडकून वरून तिसरं बटण गेलं. शोधलं, सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी कमरेचा कापलेला पट्टा घेऊन भद्रकालीत गेले. मास्तरांनी त्यातून तीन बटणं मढवली. एक पाठीवर लावलं, दोन पाकिटात घालून आतल्या मायेला टाचून ठेवली आहेत.