जास्वंदीच्या अंगावर जाऊ नका: फुलांच्या क्लोज-अपमधल्या चुका

सकाळी घरापुढच्या खळ्यात जास्वंद उमललेली दिसली की हात आपोआप फोन पुढे नेतो. आणखी पुढे. परागकण लेन्सला लागायचे तेवढे बाकी राहतात. माझे सुरुवातीचे बहुतेक फोटो असेच फुकट गेले आणि दोष मी फोनला देत राहिलो. चुकत होतं ते अंतर.

फुलाच्या जितकं जवळ जाल तितकी फोकसची जाडी कमी होते. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याला जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं घेतलंत, तर लेन्सचं छिद्र एफ/11 इतकं बारीक ठेवूनही (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) जेमतेम सव्वा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. तेच मागे सरकून निम्म्या आकारावर थांबलात, तर चार मिलिमीटरच्या आसपास मिळतात. कडेचा जास्तीचा भाग नंतर कापता येतो, पण धूसर आलेली पाकळी नंतर सुधारत नाही. ‘मग एफ/22 लावतो’ ही पुढची चूक. इतक्या जवळून छिद्र फार बारीक केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. मी एफ/8 ते एफ/11 च्या पलीकडे सहसा जात नाही.

फोनवाल्यांचं दुखणं वेगळं. बऱ्याच फोनांत मॅक्रो म्हणजे अल्ट्रा-वाइड कॅमेरा. आयफोन 13 प्रो तर 2 सेंटिमीटरवरून फोकस करतो. ऐकायला भारी, पण तिथे फोनची स्वतःची सावलीच फुलावर बसते. वीतभराहून जरा मागे या, मुख्य कॅमेऱ्यावर 2 पट झूम करा आणि फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, म्हणजे तो लॉक होतो.

आता पुन्हा जास्वंद, कारण तिने मला सगळ्यात जास्त छळलंय. तिचा केसरांचा दांडा पाकळ्यांच्या चांगला पुढे आलेला असतो. समोरून फोटो घ्याल तर टोकावरचे लाल ठिपके स्पष्ट आणि पाकळ्या गायब, नाहीतर उलटं. दोन्ही एकदम मिळणार नाहीत. बाजूला जा. आडवा दांडा लेन्सच्या समांतर आला की टोकापासून बुडापर्यंत एकाच फोकसात बसतो. पाकळ्या मागे विरघळल्या तर विरघळू द्या, तशा त्या सुंदरच दिसतात. अबोलीचं याच्या नेमकं उलट. तिच्या पाकळ्या पंख्यासारख्या एकाच पातळीत पसरतात, म्हणून कॅमेरा त्यांना समांतर धरला की काम झालं. फूल कुठल्या दिशेने सपाट आहे, एवढं बघायला अर्धा मिनिट द्या.

लाल रंगाची आणखी एक खोड आहे. उन्हात जास्वंदीची पाकळी नुसता लाल डाग होते, तिच्यावरच्या शिरा दिसत नाहीत, कारण कॅमेऱ्याचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंग टिपणारा भाग, आधी भरून वाहतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). गर्द पानांतल्या अनंताला किंवा मोगऱ्यालाही हाच उपाय. मात्र पांढऱ्या फुलानेच चौकट भरली असेल तर उलट थोडं वाढवा, नाहीतर तो मोगरा राखाडी दिसेल.

नारळ-सुपारीच्या बागेत ऊन कवडशांनी येतं, आणि कवडसा पडलेलं फूल फोटोत चितकबरं होतं. ऊन आणि फुलाच्या मध्ये पांढरा पंचा ताणून धरा. पैसे घालून आणलेला डिफ्यूजर माझ्याकडे आहे, पण हाताला लागतो तो पंचाच. सावलीच्या बाजूने उजेड परतवायला मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण उत्तम. धुऊन घ्या मात्र, नाहीतर फुलापेक्षा माश्यांचेच क्लोज-अप मिळतील. सुरंगीच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत पांढरी फुलं हिरवट येतात. तोच पंचा शेजारी धरून एक फोटो घ्या आणि एडिट करताना रंगाची झाक काढणारा व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्यावर टेकवा.

वारा हा किनाऱ्यावरचा कायमचा शत्रू. समुद्रावरून खारे वारे सुटले की दुपारी फूल एका जागी राहत नाही. सकाळी, जमिनीवरून येणारा मतलई वारा पडल्यावर, थोडा वेळ पानही हलत नाही, तेवढ्यात उरका. तोच वेळ आईचाही असतो: ‘रे, आधी देवाची फुलां काढूक दी!’ नंतर उठलात तर देठाशेजारी काठी रोवून कपड्याच्या चिमट्याने देठ अलगद टेकवा आणि शटर 1/250 सेकंदाहून हळू ठेवू नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 800 करावा लागला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेलं फूल नाही.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात तर लेन्सवर धुकं धरतं. पुसत बसू नका, पुन्हा धरतं. खोलीतच बंद पिशवीत घाला आणि पिशवी तशीच अर्धा तास पडवीत ठेवा. मग सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, निघा. तिथे सीतेची आसवं नावाची रानफुलं अगदी बुटकी असतात आणि त्यांच्यासाठी पालथं पडावंच लागतं. पण गुडघा टेकण्याआधी खाली बघा. एका फुलाच्या फोटोपायी वीस चिरडली जातात. उघडा कातळ शोधून त्यावरच आडवे व्हा, मग ते फूल दोन हात लांब राहिलं तरी चालेल.