मॉड्युलर सिंथला अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर जोडताय? आधी ग्राउंड बघा

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून वाजवायचं वाद्य, अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर म्हणजे व्होल्टेजने गणित करणारं मशीन. एलएफओ (हळू हलणारा सिग्नल), व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा), एक व्होल्टला एक ऑक्टेव्ह (पिच ठरवायची रीत), हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. इंटिग्रेटर (वेळेनुसार सिग्नल साठवत जाणारा) आणि समर (बेरीज करणारा) काय करतात हेही. अनाब्रिड कंपनीच्या 'द अ‍ॅनालॉग थिंग' या अ‍ॅनालॉग कॉम्प्युटरवर पाच इंटिग्रेटर, चार समर, चार इन्व्हर्टर (चिन्ह उलटवणारे), दोन मल्टिप्लायर, दोन कम्पॅरेटर (तुलना करून स्विच करणारे) आणि आठ कोएफिशंटची पॉटं (0 ते 1 मधल्या आकड्याने गुणणारे नॉब) मिळतात. यादी तोकडी वाटते, पण संगीतासाठी त्यात भरपूर काम होतं. दुसरं मशीन घ्यायची घाई नको.

घोळ होतो तो वायरीत. युरोरॅकच्या (मॉड्युलर सिंथचा प्रचलित प्रकार) 3.5 मिमी पॅच केबलमध्ये दोन तारा असतात: टिपला (प्लगच्या टोकाला) सिग्नल, स्लीव्हला (मागच्या धातूच्या भागाला) ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचा संदर्भ. कॉम्प्युटरच्या बनाना केबलमध्ये तार एकच. कॉम्प्युटरच्या आतल्या आत पॅच करताना ग्राउंड आधीच एक असतं, म्हणून एका तारेत भागतं. सिंथ मात्र वेगळ्या पॉवर सप्लायवर चालतो. दोघांचं ग्राउंड जोडलं नाही, तर "पाच व्होल्ट" या शब्दाला अर्थच उरत नाही. पाच व्होल्ट, पण कशाच्या तुलनेत?

आता यातली खरी मेख. ग्राउंड न जोडताही पॅच बऱ्याचदा चालतो. कॉम्प्युटरला लॅपटॉपच्या यूएसबीवरून वीज दिली, ऑडिओ इंटरफेसही त्याच लॅपटॉपला लावला आणि सिंथचं आउटपुट त्या इंटरफेसमध्ये गेलं, की ग्राउंड लांबचा वळसा घालून जुळतं. आवाज येतो आणि जोडणी बरोबर आहे असा समज होतो. मग कधीतरी कॉम्प्युटर साध्या चार्जरवर लावला जातो आणि सगळं बिनसतं: मेन्सची गुणगुण, केबलजवळ हात नेला की हलणारा पिच, विनाकारण ओव्हरलोडला (मर्यादेबाहेर) जाणारा इंटिग्रेटर. दोष मॉड्यूलच्या माथी मारला जातो. मॉड्यूल बदलून पाहिलं जातं, केबल बदलली जाते, आणि ग्राउंडकडे कोणी बघतच नाही. चार्जर आणि अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडा करंट गळत असतो, त्यामुळे न जोडलेल्या दोन ग्राउंडमध्ये मीटरवर कित्येक व्होल्ट एसी दिसू शकतो. करंट नगण्य असतो, पण सिग्नलची टिप आधी टेकली तर तो झटका थेट इनपुटच्या अ‍ॅम्प्लिफायर चिपवर, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पवर बसतो.

उपाय फुटकळ आहे. कॉम्प्युटरच्या ग्राउंड सॉकेटपासून सिंथच्या कुठल्याही जॅकच्या स्लीव्हपर्यंत एक जाडसर, आखूड तार टाका. ती सगळ्यात आधी लावायची, सगळ्यात शेवटी काढायची, आणि दोन्ही वेळा वीज बंद ठेवायची. अ‍ॅडॅप्टर घरी करायचा तर 3.5 मिमी मोनो जॅकची टिप 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून बनाना प्लगला जोडा आणि स्लीव्हला वेगळी ग्राउंडची तार द्या. चुकून दोन आउटपुट एकमेकांना भिडले तर हा रेझिस्टर वाचवतो. मग तपासणी करा. वीज बंद असताना मीटर कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून ग्राउंड ते ग्राउंड बघा. मग वीज देऊन त्याच दोन बिंदूंत एसी आणि डीसी मोजा, दोन्ही काही मिलिव्होल्टच्या आत हवेत. शेवटी कॉम्प्युटरच्या +1 (म्हणजे 10 व्होल्ट) वरून पॉट 0.500 ला लावून ते व्होल्टेज सिंथकडे पाठवा आणि मीटरचा काळा प्रोब सिंथच्या ग्राउंडवर धरा. हे महत्त्वाचं आहे. काळा प्रोब कॉम्प्युटरच्या ग्राउंडवर धरलात तर ग्राउंड जोडलेलं नसलं तरी मीटर 5 व्होल्ट दाखवेल आणि चूक तशीच राहील.

दोघांचे सिग्नल जुळवणारे तयार कन्व्हर्टर बॉक्स मिळतात, वाईट नसतात. पण पहिल्याच दिवशी तो घेऊ नये असं माझं मत आहे. बॉक्स सगळं झाकून टाकतो आणि काही बिघडलं की कुठे बघायचं तेच कळत नाही.

इतकं झालं की निम्मी डोकेदुखी संपते, बाकीचं गणित आहे आणि ते जमतं. कॉम्प्युटरवर 1 म्हणजे 10 व्होल्ट. युरोरॅकचा ऑडिओ साधारण ±5 व्होल्टचा, लाइन लेव्हलचं (ऑडिओ उपकरणांच्या नेहमीच्या पातळीचं) शिखर जेमतेम 1.7 व्होल्ट. म्हणजे कॉम्प्युटरचं पूर्ण आउटपुट थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये घातलं तर ते सुमारे 15 डेसिबल जास्त होतं. मध्ये पॉट किंवा अटेन्युएटर हवाच. जुनं मशीन हाती लागलं तर आधी त्याचं मशीन युनिट (1 म्हणजे किती व्होल्ट) बघा. ईएआय कंपनीचं टीआर-10 ट्रान्झिस्टरचं आणि ±10 व्होल्टचं, पण ईएआय 231आर व्हॉल्व्हचं आणि ±100 व्होल्टचं. ते सिंथला थेट लावायचं नाही, बस.

पिचसाठी कॉम्प्युटर वापरताना सावध. एक सेमीटोन म्हणजे 83.3 मिलिव्होल्ट. 10 व्होल्टवर एक सहस्रांश चूक म्हणजे 10 मिलिव्होल्ट, म्हणजे 12 सेंट (सेमीटोनचे शंभर सेंट). कानाला ते ऐकू येतं. सूर हवा असेल तर क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या सुरावर बसवणारा) लावा, नाहीतर कॉम्प्युटरला फिल्टर, पॅन आणि व्हीसीएच हलवू द्या. त्यातच त्याची मजा जास्त आहे.

चिन्हांचंही भान ठेवा, इंटिग्रेटर आणि समर दोघेही उलटं चिन्ह देतात. साइन वेव्हसाठी दोन इंटिग्रेटर आणि एक इन्व्हर्टर वर्तुळात जोडतात. इन्व्हर्टर विसरलात तर व्होल्टेज झोके न घेता थेट ओव्हरलोडला जाऊन बसतं. एक मिलिसेकंदाच्या इंटिग्रेटरवर, सगळे कोएफिशंट 1 असताना, वारंवारता 159 हर्ट्‌झ येते. दोन्हीकडे 10 चं (दहाने गुणणारं) इनपुट घेतलं तर 1.59 किलोहर्ट्‌झ. याच हिशोबाने दोन इंटिग्रेटरच्या फिल्टरचा कटऑफही तिथेच थांबतो, तेव्हा चकचकीत हाय-हॅटची अपेक्षा नको.

"गणित सोडा, पॅच करा आणि ऐका" असं सांगणारे गुरू बरेच भेटतात. लोरेन्झचं समीकरण (एक्स, वाय, झेड या तीन बदलत्या राशींचं, कधीच तंतोतंत न फिरणारं) स्केल न करता लावून बघा म्हणावं त्यांना. 10, 28 आणि 8/3 या नेहमीच्या आकड्यांवर झेड जवळजवळ 48 पर्यंत चढतो आणि मशीन 1 वर थांबतं. म्हणून एक्सला 20 ने, वायला 30 ने, झेडला 50 ने भागा आणि सगळा वेग दहापट कमी करा. मग एक्सच्या बदलाचा दर 1.5 वाय वजा एक्स, वायचा 1.867 एक्स वजा 3.333 एक्सझेड वजा 0.1 वाय, आणि झेडचा 1.2 एक्सवाय वजा 0.267 झेड. एकापेक्षा मोठे आकडे 10 च्या इनपुटवर घ्यायचे, म्हणजे 1.867 साठी पॉट 0.187 ला. तीन इंटिग्रेटर, दोन मल्टिप्लायर, सहा पॉटं: एका मशीनवर बसतं. पॉट लावताना पुढची वायर जोडलेली असू द्या, कारण लोडमुळे आकडा खाली येतो.

एक मिलिसेकंदाच्या इंटिग्रेटरवर हा पॅच 130 हर्ट्‌झच्या आसपासचा खरखरीत आवाज देतो. इंटिग्रेटर शंभरपट हळू केले की एक फेरा पाऊण सेकंदाच्या जवळपास येतो. एक्स फिल्टरला द्या, झेड व्हीसीएला. एक्सचं चिन्ह बदललं की कम्पॅरेटरने 0 आणि 0.5 यांत स्विच करा, 5 व्होल्टचा गेट (चालू-बंद सिग्नल) मिळतो. ठेका पुन्हा तसाच येत नाही, पण बेतालही वाटत नाही.