मृगाआधीची बेगमी : सांगलीतल्या धावपळीच्या घरासाठी तयारीची यादी

नवरा-बायको दोघेही नोकरीवर, मुलांच्या शाळा दोन वेगळ्या वेळांच्या आणि घरात औषधपाण्याचे एक वडीलधारे माणूस, अशा घरात मोठ्या खरेदीपेक्षा तीच वस्तू दुसऱ्यांदा विकत घेण्यात पैसा अधिक जातो, हे आमच्या घरचा जमाखर्च सलग दोन वर्षे लिहिल्यावर ध्यानात आले. म्हणून या यादीचा आरंभ मोजदादीपासून करावा. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. त्याआधी, शक्यतो अक्षय तृतीयेच्या मागेपुढे, एक रविवार राखून ठेवावा आणि त्या दिवशी बाजाराचे नावही न काढता स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा, माळ्यावरची प्रत्येक पिशवी आणि फ्रिजमागचा कोपरा रिकामा करून पाहावा. आमच्याकडे गेल्या खेपेस जिरे तीन ठिकाणी निघाले, मोहरीची दोन पाकिटे फोडलीही नव्हती आणि आदल्या आषाढीला आणलेला साबुदाणा मुंग्यांनी पोखरलेला होता. मुलांच्या अर्धवट वापरलेल्या वहीची मागची पाने यासाठी उत्तम. जिन्नस, आहे किती, लागतो किती आणि आणायचा किती, एवढे चार रकाने पुरतात. मोबाइलमध्येही नोंद ठेवता येते, परंतु घरातल्या आजींना आणि कामाला येणाऱ्या मावशींना वाचता यावी अशी नोंद भिंतीजवळच्या वहीतच असावी, असे माझे मत आहे.

त्यानंतर धान्याचे काम. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, गहू मार्च-एप्रिलमध्ये. त्यामुळे मे अखेरपर्यंत नवे धान्य बाजारात स्थिरावलेले असते आणि वर्षाचे धान्य भरण्याची आपल्याकडची जुनी रीत याच दिवसांची आहे. किती घ्यावे हे मात्र शेजारणीला विचारून ठरवू नये. गिरणीतून आणलेले पाच किलोचे दळण किती दिवस पुरते, हे दोन वेळा लिहून ठेवले की हिशेब आपोआप निघतो. ते नऊ दिवस पुरत असेल, तर वर्षाला साधारण दोनशे किलो गहू लागतो; त्यातून सुट्टीत गावी जाण्याचे दिवस आणि भाकरीचे वार वजा करावेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे नातेवाईक असतील तर शाळू तिकडूनच आणावा, कारण दाणा टपोरा मिळतो आणि मधला नफाही वाचतो. मात्र आणण्याचे भाडे धरून भाव काढावा, नाहीतर स्वस्त शाळू पेट्रोलात महाग पडतो.

धान्य भरण्यापूर्वी कडक उन्हात दोन दिवस वाळवावे आणि गरम असताना कोठीत मुळीच ओतू नये, कारण आतल्या उष्णतेने झाकणाखाली घाम धरतो आणि त्याच ओलीत पोरकिडे होतात. गच्चीवरून खाली आणलेला गहू रात्रभर पसरून गार होऊ द्यावा, मग वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथराने घालून कोठी भरावी. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवावा. रवा, मैदा, पोहे आणि बेसन यांची वर्षाची बेगमी करणे हा शुद्ध तोटा आहे. पावसाळ्यात त्यांना जाळी धरते, म्हणून ‘तीन किलोवर एक किलो मोफत’ अशा पाटीपुढे न थांबता हे जिन्नस महिन्यापुरतेच आणावेत. गुळाचेही तसेच आहे. गुऱ्हाळे चालू असताना तो भरपूर आणि चांगला मिळतो खरा, परंतु श्रावणात ढेप पाझरू लागली की अर्धा गूळ डब्याच्या तळाला जातो.

आता जे घर कृष्णेच्या पूरपट्ट्यात आहे, त्याने या जुन्या रीतीत बदल केला पाहिजे, आणि हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी नदीची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही गावभागात तळमजल्यावर राहत होतो. दोन क्विंटल गहू भरलेली पत्र्याची कोठी दोन माणसांना हलत नव्हती. पाणी ओसरल्यावर झाकण काढले, तेव्हा वरचा वीतभर गहू कोरडा दिसला आणि हात कोपरापर्यंत घातल्यावर खाली कोंब आलेला, आंबलेला लगदा लागला. सगळे धान्य घमेल्यांनी उपसून टाकावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. मृगाआधी पावसाळ्याचे चार महिने आणि वर महिनाभर पुरेल इतकेच धान्य घ्यायचे, उरलेले दिवाळीनंतर. आणि तेही दहा-दहा किलोच्या झाकणाच्या डब्यांत भरायचे, म्हणजे कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा ते एकेक करून वरच्या मजल्यावर नेऊ शकते. दिवाळीनंतरचा गहू किलोमागे काही रुपये महाग पडतो, हे खरे आहे. तो फरक मी विम्याचा हप्ता समजून देते. विश्रामबाग किंवा कुपवाडसारख्या उंचावरच्या भागात राहणाऱ्यांनी मात्र वर्षाचे धान्य एकदमच भरावे; त्यांना हा हप्ता देण्याचे कारण नाही.

चटणी आणि हळद यांना मे महिन्यातला एक आठवडा द्यावा लागतो. मिरची आणून ती वाळवणे, देठे खुडणे, मसाला भाजणे आणि डंकावर नेऊन कांडून आणणे ही कामे एकट्या बाईवर पडली की ती कंटाळून तयार पाकिटाकडे वळते, म्हणून देठे खुडण्याचे काम सुट्टीतल्या मुलांसह सर्वांनी एका संध्याकाळी संपवावे, फक्त डोळ्यांना हात न लावण्याची ताकीद आधी द्यावी. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, हे प्रमाण प्रत्येक घरचे वेगळे असते. ते एकदा वहीत लिहून ठेवावे, कारण ते ज्यांच्या हातात असते त्या सासूबाई दरवर्षी ‘अंदाजाने’ एवढेच सांगतात. डंकावर जाण्यापूर्वी आदल्या दिवशी नंबर लावून यावा, नाहीतर रजेचा अर्धा दिवस बाकड्यावर जातो. कांदा-लसणाची चटणी वर्षभर टिकवायची असेल तर कांदा पूर्ण वाळलेला हवा, आणि बरणीत ओला चमचा जाणार नाही याची खबरदारी घ्यायची, म्हणून महिन्याची चटणी छोट्या डब्यात काढून मोठी बरणी बांधूनच ठेवावी. हळदीच्या बाबतीत तर आपण ऐन बाजारपेठेत राहतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळकुंडे घेऊन ती दळून आणली की भेसळीची चिंता राहत नाही आणि चार माणसांच्या घराला किलो-दीड किलोत वर्ष निघते.

पैशांच्या व्यवस्थेत माझा सर्व भर तारखांवर आहे. पगार झाल्यावर उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्या घरात काहीच उरत नाही, म्हणून आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा शंभर रुपयांपासून उघडता येते. भविष्य निर्वाहाचे सार्वजनिक खाते, म्हणजे पीपीएफ, असेल तर त्यात दरमहा भरायची रक्कम ५ तारखेच्या आत जमा व्हावी, कारण ५ तारीख आणि महिनाअखेर यांच्या दरम्यानच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरले जाते. ६ तारखेला भरलेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. भिशीला माझा विरोध नाही. दिवाळीच्या खर्चाला तिची शिस्त उपयोगी पडते, परंतु तिथे व्याज नसते आणि एखादीने हप्ता बुडवला तर मैत्रीही बुडते, म्हणून भिशीची रक्कम एका महिन्याच्या किराण्यापेक्षा मोठी नसावी. ठेव ठेवताना, बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदारास व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, यात सहकारी बँकाही येतात आणि पतसंस्था येत नाहीत, हे लक्षात घ्यावे. एक-अर्धा टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत टाकलेली आणि मग वर्षानुवर्षे तिच्या पायऱ्या झिजवणारी माणसे आपल्या जिल्ह्यात प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

ज्यांचे घर उसाच्या बिलावर चालते, त्यांची गोष्ट निराळी. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे असा नियम आहे, पण घरखर्च नियमावर न बेतता हातात आलेल्या रकमेवर बेतावा. बिल जमा झाल्याच्या दिवशीच विकास सोसायटीचे पीककर्ज, पुढच्या लागणीचा किंवा खोडव्याचा खर्च आणि मुलांची फी बाजूला काढून उरलेल्या रकमेला बाराने भागावे, आणि तेवढाच आकडा महिन्याचा पगार समजावा.

कागदपत्रांसाठी दुसरा रविवार लागेल. एक जाड प्लॅस्टिकची, चेन असलेली पिशवी घ्यावी आणि तिच्यात घराचा उतारा, विमा पॉलिसी, ठेवपावत्या, रेशनकार्ड, जन्मदाखले आणि मुलांच्या गुणपत्रिका वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्यात. पिशवीची जागा माळ्याच्या उंचीवर आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली असावी. शक्य तेवढे दाखले डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्यावेत आणि बाकीच्यांचे स्वच्छ फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवावेत. प्रत्येक बँक खात्यावर नॉमिनीचे नाव लागले आहे का, हे पासबुकावर पाहावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार नॉमिनींपर्यंत नावे देता येतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि लागत असल्यास नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांचे अर्ज दहावी-बारावीचे निकाल लागण्यापूर्वीच करावेत, कारण निकालानंतर सेतू केंद्रापुढची रांग रस्त्यावर येते आणि त्या धांदलीत एजंटाला दिलेले पाचशे रुपये कोणत्याही हिशेबात लिहिले जात नाहीत. गाडीच्या विम्याची आणि पीयूसीची अखेरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. विमा संपून ९० दिवस उलटले तर दावा न केल्याबद्दल साठलेली सवलत जाते. आमच्या दुचाकीची ती तशीच गेली, आणि पॉलिसी मात्र शेवटी गाडीच्या डिकीतच सापडली.

शाळेची खरेदी उरकती घ्यावी : मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने मोजून ती कच्च्या कामाला बांधून घ्यावीत, गणवेश आधी घालून पाहावा, आणि रेनकोट व दप्तर यांसाठी पहिल्या पावसाची वाट पाहू नये, कारण त्या दिवशी दुकानदार भाव सोडत नाही.

विजेच्या बिलावर शंभर आणि तीनशे युनिट हे दोन उंबरठे आहेत. त्यापलीकडच्या प्रत्येक युनिटला वरचा दर लागतो. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि नवा, कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलू नयेत. जो सर्वांत जास्त चालतो तो, बहुधा आजी-आजोबांच्या खोलीतला, आधी बदलावा. गॅसची टाकी लावली की तिच्यावर खडूने तारीख लिहावी. १४.२ किलोची टाकी आपल्याला किती दिवस जाते हे कळले की नोंदणी वेळेवर होते आणि ऐन सणात शेजाऱ्यांकडे टाकी मागायला जावे लागत नाही.

रोजचे दूध, पेपर आणि इस्त्री यांची नोंद कॅलेंडरच्या चौकटीत करणे ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत बिनचूक आहे. चौकटीत फक्त खाडा लिहावा, दूध आले तो दिवस कोराच सोडावा. महिनाअखेरीस मोजायचे आकडे त्यामुळे चार-पाचच उरतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची फेरी घ्यावी. वाळवणाचे डबे, म्हणजे कुरडया, सांडगे आणि भातवड्या, झाकणाला कापड लावून बंद करावेत. बिलांच्या आणि वॉरंटीच्या पावत्या एका पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहावे. वडीलधाऱ्यांची महिनाभराची औषधे, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी रोकड आणि कागदांची पिशवी मावेल अशी एक सॅक दाराजवळच्या खुंटीला अडकवावी. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. आम्ही ३५ फुटांची बातमी आली की धान्याचे डबे वर चढवायला घेतो. कोणता डबा आधी जायचा, हे डब्यांवर चिकटपट्टी लावून आकड्यांनी लिहिलेले आहे, आणि एक नंबरच्या डब्यावर चटणी असे लिहिले आहे.