आईबाबांना विचारून वाचायचं तर नेमकं काय विचारायचं

मला वाचायचं वेड आहे आणि चोवीस वर्षांची झाले तरी कुठलाही मोठा निर्णय घ्यायच्या आधी मी घरी फोन लावते, या दोन्ही गोष्टी मी मोकळेपणाने सांगते. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कळायला पुण्यात येऊन दोन वर्षं जावी लागली. ऑफिसमधल्या तीनचार जणींनी विचारलं की तू पुस्तकं निवडतेस कशी, आमचं तर दुकानात जाऊन डोकं गरगरतं, आणि दरवेळी मी सांगायला लागले की दोन मिनिटांत आईवर येऊन पोचायचे. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय, ज्यांना घरच्यांना विचारायची सवय आहे आणि वाचायचंही आहे त्यांच्यासाठी.

सुरुवात प्रश्नापासून. "आई, मी काय वाचू?" असं विचारू नका. कुठल्याही घरात विचारा, उत्तर ठरलेलं, काहीतरी चांगलं वाच. फार तर कोणाचंतरी चरित्र वाच, नाहीतर जरा इंग्लिश सुधारेल असं वाच. प्रश्नच असा आहे की त्या लगेच आई होऊन उत्तर देतात. त्यांच्यातल्या वाचणाऱ्या मुलीशी बोलायचं असेल तर वेगळं विचारावं लागतं. तू माझ्याएवढी होतीस तेव्हा रात्री जागून काय वाचलंस? कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंस आणि का? कोणाचं आणलेलं परत दिलंच नाहीस? हा तिसरा प्रश्न मी विचारला तेव्हा आई एकदम गप्प झाली आणि मग पाऊण तास बोलत होती, मामाच्या मित्राकडून आणलेलं एक पुस्तक लग्नात तिच्या ट्रंकेतून सासरी आलं, ते अजून माळ्यावर आहे, ते कसं परत करायचं राहून गेलं. ती गोष्ट मला आधी कोणी कधी सांगितली नव्हती. पुढच्या वेळी गावी गेले तेव्हा पहिलं ते पुस्तक काढलं.

आता वहीबद्दल सांगते कारण खरी गोष्ट तिथे आहे. माझ्या आईची एक दोनशे पानी वही आहे, लग्नाच्या आधीपासूनची, पुठ्ठा सुटलाय म्हणून वरून खाकी कव्हर घातलंय. गावच्या वाचनालयातून आणलेलं प्रत्येक पुस्तक त्यात आहे, नाव, तारीख आणि एक वाक्य. "शेवट घाईत उरकलाय." "नवरा सारखा बोलतो, बायकोला बोलूच देत नाहीत." "पावसाचं वर्णन परत वाचायचं." आणि एका पुस्तकापुढे फक्त "नको."

मी अर्थातच ते "नको"वालं पुस्तक शोधून वाचलं. मला प्रचंड आवडलं. फोन करून म्हटलं आई तू असं कसं लिहिलंस, तर ती म्हणाली मला नाही आवडलं, झालं. दिवाळीला घरी गेले तेव्हा वही परत उघडली आणि तारीख बघितली. त्याच महिन्यात आजी दवाखान्यात होती. आणि त्या पुस्तकातली निम्मी पानं आजारपणाची आहेत. आईला विचारलं तर म्हणाली, अगं हो, दवाखान्यातच बसून वाचत होते मी ते.

तेव्हापासून मी एक ठरवलंय, घरच्यांचा कुठलाही सल्ला घेतला की त्याची तारीखही विचारायची. हे तुला कधी कळलं, तेव्हा काय चाललं होतं, तेव्हा तू कुठे होतीस. सल्ला खोटा नसतो हो, तो त्या दिवसाचा असतो. एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात आणि कुठला सल्ला जसाच्या तसा घ्यायचा, कुठला आपल्या मापाचा करून घ्यायचा हे लगेच समजतं.

पुस्तकांच्या बाहेरही हे लागू पडतं, एक उदाहरण देते. मागच्या वर्षी फ्लॅट बदलला तेव्हा घरमालक म्हणाले अकरा महिन्यांचं साध्या स्टॅम्प पेपरवर करून टाकू. बाबांना फोन केला, तेही म्हणाले, "अगं अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटला रजिस्ट्रेशन लागत नाही, म्हणून तर अकरा महिने करतात." बाबा म्हणाले म्हणजे विषय संपला, असंच मी आजवर करत आले. पण तारखेची सवय लागली होती म्हणून विचारलं, बाबा तुम्ही भाड्याने राहात होता ते कधी? तर 1994. मग मी बसून वाचलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 ला, आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार, लीव्ह अँड लायसन्ससुद्धा, लेखी आणि रजिस्टर केलेलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ते करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. म्हणजे बाबांनी त्यांच्या काळचं सांगितलं, कायदा नंतर आला.

मग ते बाबांना सांगायचं कसं? "बाबा तुमचं चुकलं" असं मी नाही म्हटलं. तो कलमाचा भाग व्हॉट्सअपवर पाठवला आणि लिहिलं, बाबा हे जरा वाचून सांगा ना, मला कळलंय ते बरोबर आहे का. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं (आईने नंतर सांगितलं) आणि संध्याकाळी त्यांचाच फोन आला, रजिस्टर केल्याशिवाय डिपॉझिट देऊ नकोस. त्यानंतर त्यांनी अशा तीन गोष्टी सांगितल्या ज्या कुठल्याच कायद्यात लिहिलेल्या नाहीत, पाण्याची वेळ शेजाऱ्यांना विचार, मीटरचा फोटो काढून ठेव, आणि संध्याकाळी सातनंतर एकदा जाऊन गल्ली बघून ये. ॲग्रीमेंट ऑनलाइन झालं, अंगठा घ्यायला माणूस घरी आला, अर्ध्या तासात काम. तर क्रम असा ठेवा, आधी घरी विचारा, मग वाचा, मग जे वाचलं ते घरी परत न्या. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग घरच्यांना वाटतं पोरगी आता आपलं ऐकत नाही.

पुस्तकं विकत घ्यायच्या बाबतीतही सल्ला बाबांचाच. पहिल्या पगाराला एका पुस्तक प्रदर्शनातून मी अकरा पुस्तकं आणली, सव्वातीन हजार गेले, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर त्यातली दोनच वाचून झालेली, बाकीची पीजीच्या कपाटात कपड्यांखाली. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, आधी वाचनालयातून आण, आणि परत करायच्या दिवशी जिवावर आलं तरच विकत घे. ही परीक्षा मी अजून वापरते, वर्षाला सहासात पुस्तकं विकत घेते आणि ती सगळी वाचलेली असतात, परत परत वाचलेली.

म्हणून वाचनालय लावा, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्यात अनुदान मिळणारी वाचनालयं अ ब क ड अशा वर्गांत असतात, आणि अगदी तालुक्याच्या गावातसुद्धा एखादं चांगलं निघतं. पुण्यात असाल तर पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासूनचं आहे, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. जाताना फोटो, आधार कार्ड, सध्याच्या पत्त्याचा काहीतरी पुरावा (तो रजिस्टर केलेला करार इथेही उपयोगी पडतो) आणि अनामत रक्कम न्या. अनामत सोडताना परत मिळते, पावती जपून ठेवा. वर्गणी महिन्याची असते, बऱ्याच ठिकाणी वर्षाची एकदम भरली तर थोडी कमी पडते.

आत गेल्यावर काय उचलायचं? इथे आईची एक युक्ती आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो, परत करायच्या तारखांचे शिक्के असलेला. सगळे आधी मुखपृष्ठ बघतात, आई आधी तो कागद बघते. शिक्क्यांच्या दाट रांगा असतील, एकावर एक कागद चिकटवलेले असतील आणि मग अचानक दहाबारा वर्षं काहीच नाही, असं पुस्तक घे म्हणते. कारण एवढ्या लोकांनी घरी नेलं त्यात काहीतरी होतं आणि आता फक्त ते कोणाला माहीत नाही. मी असं एक आणलं, पानं पिवळी, मधे कोणीतरी बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं, आणि दोन रात्रीत संपवलं. सगळीच अशी निघत नाहीत पण तीनात एक तरी निघतंच. आता काही वाचनालयांत कॉम्प्युटरवर नोंद होते आणि शिक्के मारत नाहीत, तिथे काउंटरवरच्या ताई किंवा काकांना सरळ विचारा की पूर्वी काय खूप जायचं, त्यांना हा प्रश्न फार आवडतो.

आईबाबांनी सांगितलेलं जुनं पुस्तक कुठेच मिळत नाही ही अडचण हमखास येते. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात नुसतं वर्णन सांगितलं तरी काही दुकानदार नाव ओळखतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची खूप पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये आहेत. आणि लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की पुस्तकाचा कॉपीराइट संपतो, त्यामुळे आजी-आजोबांच्या काळातलं बरंचसं नेटवर रीतसर मोकळं आहे. हयात लेखकांची चोरून स्कॅन केलेली पीडीएफ मात्र ग्रुपवर फिरवू नका, मराठीत आधीच एका आवृत्तीच्या प्रती किती थोड्या निघतात.

घरात सगळ्यांनी मिळून वाचायला सुरुवात करायची असेल तर कादंबरीने करू नका, दिवाळी अंकाने करा. मराठीतला पहिला दिवाळी अंक 1909 चा, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'चा, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ ही सोय आपल्या घरात आहे. एका अंकात कथा असते, लेख असतो, कविता असते, राशिभविष्यही असतं, ज्याने त्याने आपापलं उचलावं. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. आमच्याकडे नियम एवढाच, ज्याला जे आवडलं त्याने त्या पानाचा कोपरा न दुमडता कागदाची चिठ्ठी ठेवायची, चिठ्ठीवर नाव. बाबांच्या चिठ्ठ्या कायम प्रवासाच्या लेखांत असतात. मला हे माहीतच नव्हतं की त्यांना प्रवासाचं वाचायला आवडतं, ते स्वतः सातारा जिल्ह्याबाहेर फारसे गेलेले नाहीत.

त्यावरून, एखादी सुट्टी जोडून मिळाली तर आईबाबांना घेऊन भिलारला जा. पाचगणी महाबळेश्वरच्या मधे आहे, स्ट्रॉबेरीचं गाव, 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या राहत्या घरांत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत, एका घरात कविता, एकात इतिहास, जाऊन बसायचं आणि वाचायचं, कोणी उठवत नाही. आम्ही सकाळी गेलो आणि तिघं तीन घरांत बसलो, दुपारी जेवायला आई सापडेना, ती ओसरीवर पाय पसरून वाचत होती, तिला असं भर दुपारी वाचताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. घरी ती नेहमी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर वाचते.

सगळं घरी सांगितलंच पाहिजे असं नाही बरं का. काही पुस्तकं मी एकटी वाचते, कोणाला विचारत नाही आणि कोणाला सांगतही नाही, आणि त्यात आईला काही वाटत नाही कारण तिच्याही वहीत दोन पानं मुद्दाम चिकटवलेली आहेत.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आमचे आईबाप वाचतच नाहीत, मग? माझ्या रूममेटची आई फलटणजवळ राहते, शेती बघते, चौथीपर्यंत शिकली. रूममेट तिला रोज रात्री व्हॉइस मेसेजवर गोष्ट वाचून पाठवते, सहासात मिनिटांची, जास्त लांब केली तर मावशींना झोप येते. दुसऱ्या दिवशी मावशींचा मेसेज येतो आणि तो मी मुद्दाम स्पीकरवर लावायला सांगते. "ती थोरली सून खोटं बोलतीया, बघ तू. पैसं तिनंच घेतल्यात." रूममेट तोपर्यंत पुढची पन्नास पानं वाचून बसलेली असते, पैसे थोरलीनेच घेतलेले असतात, आणि पुस्तकात ते कळायला अजून चार प्रकरणं असतात. तिने विचारलं, आई तुला कसं कळलं? तर मावशी म्हणाल्या, "न विचारता दोनदा सांगितलं की तिनं, मी माजघरातच हुते म्हणून. खरं असंल तर माणूस येकदाच सांगतंय."

करायचं असेल तर वेळ पक्की ठेवा, फलटणला नऊनंतर लाइट आणि रेंज दोन्ही असते म्हणून ती सव्वानऊला पाठवते.