सोसायटीतील मांजरांची संख्या आटोक्यात ठेवताना

मांजरांचा त्रास वाढला की त्यांना पोत्यात भरून दूरच्या मासळी बाजाराजवळ सोडून यावे, अशी सूचना गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हमखास येते. ती मान्य करू नये. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. शिवाय उघडा कचरा, उंदीर आणि आडोसा जागेवरच राहत असल्याने रिकाम्या आवारात आजूबाजूची मांजरे येऊन वसतात. पकडून, निर्बीजीकरण करून त्याच जागी परत सोडणे हाच टिकणारा उपाय आहे.

भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभण राहिल्यावर सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे वर्षाकाठी एक-दोन मांजरे नेऊन काहीच साधत नाही. आवारातील सर्वांच्या, त्यातही भाट्यांच्या, शस्त्रक्रिया थोड्याच आठवड्यांत उरकाव्यात.

त्याआधी आठवडाभर ठरावीक वेळी, ठरावीक जागी खाणे ठेवावे, म्हणजे मोजणी होते आणि छायाचित्रेही काढता येतात. पशुवैद्यांची तारीख मिळाल्यावरच पिंजरा लावावा. त्यांनी सांगितलेल्या वेळेपासून खाणे बंद ठेवले की भुकेले मांजर सुक्या बोंबलाच्या वासाने आत शिरते. आमिष मात्र चिमूटभरच असावे, कारण भूल देताना पोट रिकामे हवे. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी. अंधारात धडपड थांबते. हाताने पकडण्याचे धाडस करू नये, आणि मांजर चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. भाटीच्या आचळांभोवतीचे केस झडलेले दिसले, तर तिला पिल्ले आहेत असे समजून तत्काळ सोडावे. ती पिल्ले स्वतः खाऊ लागेपर्यंत थांबणे भाग आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीजची लस द्यावी आणि डाव्या कानाचे टोक कापून घ्यावे. भुलेत केलेली ही खूण क्रूर वाटली तरी तिच्यामुळेच त्या मांजराची पुन्हा धरपकड टळते. नंतर बोक्याला एक रात्र, भाटीला किमान दोन रात्री कोरड्या, उबदार जागी ठेवावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर दगावते.

पुढे खाणे घालणाऱ्याने उरलेले अन्न अर्ध्या तासात उचलावे आणि अखंड कानाचे नवे मांजर दिसताच पुढची तारीख घ्यावी.