रात्री अकराला फोन आला तर: सोलापुरात क्रिमिनल वकील कसा लावायचा

मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात, रविवारी रात्री सव्वाअकराला मावशीचा फोन आला, पिंट्याला पोलीस घेऊन गेलेत तू लगेच ये. गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी भांडण, त्यात ह्याने हाताला लागला तो पाईप हाणला, समोरच्याच्या डोक्याला सहा टाके. मी जुळे सोलापुरातून पोलीस स्टेशनला पोचेपर्यंत मावशीने बाहेरच्या एका माणसाला आठ हजार रुपये देऊन पण टाकले होते, भिशीचे होते ते. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल, "मावशी रडूलालाव कशाला, आपले वकीलसाहेब हायत की, उद्या दुपारच्या जेवणाला पोरगं घरी."

दुसऱ्या दिवशी ते वकीलसाहेब काय आलेच नाहीत. एक पोरसवदा ज्युनियर आला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात आम्हालाच विचारतो, आरोपीचं पूर्ण नाव काय हो. कागद वाचलेलाच नव्हता त्याने. दोन दिवस पीसीआर लागला, म्हणजे पोलीस कस्टडी.

मी वकील नाही, माझं दुकान आहे, पण त्या आठवड्यात आणि नंतर तारखांना जाऊन जाऊन जे कळलं ते लिहितोय. आमच्यासारखं रात्री पोलीस स्टेशनच्या दारात कुणी वकील लावू नये एवढीच इच्छा. तिथं भेटणारा माणूस बहुतेक वेळा वकील नसतोच, दलाल असतो, तुमच्या पैशातला वाटा आधी त्याचा. आणि वकिलाला बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे जाहिरात करायला किंवा असं गिऱ्हाईक गाठायला बंदी आहे, त्यामुळे जो स्वतःहून गळ्यात पडतो तो पहिल्याच पायरीला नियम मोडतोय हे लक्षात घ्या.

आता रात्री करायचं काय. कुठल्याही वकिलाला फोन लावला की तो तीन गोष्टी विचारणार: पोलीस स्टेशन कुठलं, गुरनं किती, कलमं काय. गुरनं म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. हे आधी मिळवा. स्टेशन डायरीवरच्या अंमलदाराला शांतपणे विचारलं तर सांगतात, आवाज चढवला तर सकाळपर्यंत बसवतात. एफआयआरची कॉपी मिळाली नाही तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघा, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बहुतेक एफआयआर २४ तासांत टाकाव्या लागतात, लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील केसेस सोडून. कलमं बघताना जुने नंबर डोक्यातून काढा, १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली, ४२० आता ३१८ मध्ये गेलंय, ३०७ चं १०९ झालंय, ३०२ चं १०३. आमच्या गल्लीत अजून सगळे जुन्याच नंबरांनी बोलतात, आणि खरं सांगायचं तर कोर्टातले निम्मे वकील पण दोन्ही नंबर सांगतात.

पोलीस स्टेशन कुठलं ह्याने वकील कुठला हे ठरतं. शहरातलं असेल, फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका वगैरे, तर सोलापूरच्या कोर्टात रोज उभा राहणारा माणूस बघा. बार्शी किंवा पंढरपूरचा गुन्हा असेल तर तिथलाच वकील बरा, सोलापुरातला मोठा वकील प्रत्येक तारखेला बार्शीला जाणार नाही, ज्युनियरला पाठवणार आणि एसटीचं भाडं तुमच्याकडून घेणार.

आणि रात्रीत कुणी नाहीच मिळालं तर घाबरून आठ हजार देऊ नका. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, आधी सिव्हिल हॉस्पिटलला मेडिकल आणि मग कोर्ट, सुट्टी असली तरी रिमांडसाठी, म्हणजे कस्टडीत ठेवायचं का ते ठरवायला, एक कोर्ट बसतंच. त्या दिवसापुरता सरकारी खर्चाचा वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं नाहीतर १५१०० वर फोन करायचा. कस्टडीत असलेला माणूस, बायका, एससी-एसटी ह्यांना उत्पन्नाची अट पण नाही. लोक म्हणतात फुकटचा वकील काय कामाचा. आमच्या त्या आठ हजारवाल्या ज्युनियरपेक्षा शेजारी उभे असलेले विधी सेवेचे वकील शंभरपटीने बरे होते, ते निदान समोरच्या आरोपीशी दोन मिनिटं बोलून घेत होते.

रिमांडला चांगला वकील का लागतो ते आम्हाला उशिरा कळलं. पिंट्यावरचं कलम सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचं. अशा गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं, अटक केलीच तर ती का गरजेची होती हे लिहून द्यायचं, अर्नेश कुमार केसमध्ये २०१४ सालीच सुप्रीम कोर्टाने हे सांगितलंय आणि नवीन कायद्यात ते कलम ३५ मध्ये आहे. तसंच २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अटकेची कारणं त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. आता आपल्या पूर्व भागात निम्म्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, वयस्कर माणसाला मराठी वाचता येत नाही असं असू शकतं, तर हा मुद्दा इथं कागदावरचा नाही. हे सगळं मॅजिस्ट्रेटपुढे त्याच दिवशी बोलायचं असतं. आमचा ज्युनियर "ऑर्डर होईल ती मान्य" म्हणून खाली बसला.

मग नीट वकील शोधायचा कुठं? मला वाट दाखवली ती आमच्या सिव्हिल वकिलांनी, ज्यांनी वडलांच्या जागेची वारसनोंद केली होती ते. त्यांना म्हटलं तुम्हीच घ्या, ते म्हणाले मी वीस वर्षांत एक जामीन केला नाही, माझ्यावर सोपवू नकोस. आणि दोन नावं दिली. सिव्हिल, बँकेचं, नोटरीचं काम करणारा ओळखीचा वकील असेल तर त्याला एवढंच विचारा, उद्या तुमच्या सख्ख्या भावाला आत टाकलं तर तुम्ही कुणाला फोन कराल? ह्या प्रश्नाचं उत्तर खरं येतं.

नावं मिळाली की दोन गोष्टी स्वतः करा. एक, ई-कोर्ट्सच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. सोलापूर जिल्हा निवडा, नाव टाका, किती केसेस आहेत, त्यात जामीन अर्ज किती, सेशन केसेस किती, का सगळे नुसते दिवाणी दावे, दहा मिनिटात अंदाज येतो. सगळं बरोबर असतं असं नाही, एका नावाचे दोन वकील असतात, स्पेलिंग घोळ असतो, तरी पण. दुसरी गोष्ट जास्त कामाची: कोर्टात जाऊन बसा. कोर्ट उघडं असतं, इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चाललेली केस सोडली तर कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं, मोबाईल बंद ठेवा म्हणजे झालं. मी अकरा वाजता जाऊन बसलो, दोन तासात बारा-तेरा वकील बघितले. एकजण मोठ्या आवाजात दहा मिनिटं बोलला आणि जज खाली बघून लिहीतच राहिले. दुसरे एक बारीकसे गृहस्थ, कोटाची कोपरं चकाकायला लागलेली, उठले आणि म्हणाले, साहेब पंचनाम्यात हत्यार सापडलं सोमवारी आणि जप्तीवर तारीख रविवारची आहे. जजनी पान उलटून बघितलं. सरकारी वकिलांनी पण बघितलं. मी त्यांच्याच ऑफिसला गेलो संध्याकाळी.

ऑफिसला गेल्यावर लाजू नका, विचारा. कोर्टात तुम्ही स्वतः उभे राहणार का ज्युनियर? अशा कलमाचं काम किती केलंय? फोन कुणाला करायचा, तुम्हाला का क्लार्कला? आणि पुढं काय काय होईल ते सांगायला लावा. चांगला वकील उलट तुम्हालाच जास्त विचारतो. आमच्या वकिलांनी अर्धा तास पिंट्याच्या आधीच्या भानगडी खोदून काढल्या, मावशी म्हणत होती तसं काही नाही, मीच शेवटी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, आहे. खोटं बोलू नका बाबांनो, तुम्ही सांगितलेलं वकिलाला बाहेर सांगता येत नाही, पण सरकारी वकिलाने ते कोर्टात पहिल्यांदा काढलं तर तुमचा वकील तिथंच लटकतो.

आणखी एक विचारायचं, चार्जशीटच्या तारखेवर लक्ष ठेवणार का? आरोपी आत असेल आणि पोलिसांनी ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत, चार्जशीट टाकलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, पण चार्जशीट यायच्या आधी अर्ज टाकावा लागतो. दिवस मोजणारा वकील पाहिजे. अजून अटक झालेली नसेल आणि भीती असेल तर अटकपूर्व जामीन थेट सेशन कोर्टात मागता येतो, ॲट्रॉसिटीत मात्र कायद्यानेच त्याला अडसर आहे, तिथं त्याच कामाचा माहितगार माणूस शोधा.

आरोपी दोन-तीन असतील, भाऊ-भाऊ, तर सगळ्यांना एकच वकील स्वस्त पडतो खरा, पण एकाचा बचाव "मी नव्हतोच, हाच होता" असा निघाला तर पंचाईत.

ज्याला लगेच नमस्कार करून उठायचं तो वकील कसा ओळखायचा? "शंभर टक्के सोडवतो" म्हणणारा, "जजसाहेब आपल्या ओळखीचे" म्हणणारा, आणि "वर द्यावे लागतात" म्हणून वेगळे पैसे मागणारा. तिसऱ्यात तर तुम्हीच नव्या गुन्ह्यात अडकाल.

फी. मला एकाच जामिनाचे तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले, सगळ्यात मोठा सगळ्यात छोट्याच्या चौपट, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. टप्पे मात्र पाडून घ्या: जामिनाचे किती, चार्जशीटनंतर किती, साक्षीपुराव्याला किती, टायपिंग, झेरॉक्स, नकलांचे वेगळे का त्यातच. सुटल्यावर एवढे द्या, निकालावर एवढे, असला करार वकिलाला करताच येत नाही, नियमात बसत नाही. जमेल तेवढं यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख दिले तर पावती मागा, तोंड वाकडं केलं तरी मागा.

वकीलपत्रावर सही करताना नाव, कोर्ट, केस नंबर भरलंय का बघा, कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नका. आरोपी जेलमध्ये असेल तर सही जेलमधूनच साक्षांकित होऊन येते, त्याला एखादा दिवस जातो, तो धरून चाला. सगळ्या कागदांचा एक सेट स्वतःकडे ठेवा. वकील बदलायचा असेल तर बदलता येतो, जुन्याकडून एनओसी घ्यायची पद्धत आहे, पण फी बाकी आहे म्हणून तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली हे स्पष्ट केलंय. आमचा पहिला वकील कागद द्यायला चार फोन घेत नव्हता, हे वाक्य मेसेजमध्ये टाकलं आणि संध्याकाळी त्याच्या क्लार्कने फाईल टपरीवर आणून दिली. आठ हजार गेले ते गेलेच. तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते, मावशी नको म्हणाली.

सेशनला जामीन नाकारला तर पूर्वी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून मुंबई गाठायची असायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. तिथला वकील वेगळा लागतो, तुमच्या इथल्या वकिलाला आधीच विचारून ठेवा कुणाकडे पाठवणार.

आता राहिला जामीनदार, ह्याच्यावर कुणी बोलत नाही. बुधवारी पिंट्याला एमसीआर झाला, म्हणजे पोलीस कस्टडी संपून न्यायालयीन कोठडी, त्याच दिवशी त्या बारीकशा वकिलांनी अर्ज टाकला, गुरुवारी तपासी अंमलदाराचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला, शुक्रवारी युक्तिवाद आणि साडेचारला ऑर्डर, जामीन मंजूर. मावशीने पेढे आणले. वकील म्हणाले जामीनदार कुठाय? मामा उभा होता, सातबारा घेऊन, पण त्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव होतं, मामाचं नव्हतंच. दुसरा जामीनदार शोधेपर्यंत कोर्ट उठलं. शनिवार, रविवार पिंट्या आतच. सोमवारी शेजारच्या काकांचा सातबारा, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो असं सगळं नेलं तेव्हा संध्याकाळी सुटला, आणि पेढे तोपर्यंत वाळून दगड झाले होते, तरी खाल्ले त्याने.